गोळी घरी आली, तपासणी नाही

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता लागू झाली. त्या रात्री एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, घेणाऱ्या माणसाच्या कपाटात किती गोळ्या असतील? सरकारी एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या बाटलीत ३० गोळ्या असतात, रोज एक. ज्याची तारीख महिन्याच्या सुरुवातीला होऊन गेली होती त्याच्याकडे आठवडाभर पुरतील एवढ्या. ज्याची तारीख २५ मार्च होती त्याच्याकडे दोन-चार.

बहुतेकांची गोळी तेव्हा टीएलई होती. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेंझ ही तीन औषधे एका गोळीत. ती अचानक थांबली तर तिन्ही औषधे शरीरातून एकाच वेळी जात नाहीत. बाकीची दोन आधी ओसरतात आणि एफाविरेंझ पुष्कळदा आठवड्याहून अधिक काळ रेंगाळते. तेवढे दिवस विषाणूपुढे तीनऐवजी एकच औषध उभे राहते, आणि एफाविरेंझला निष्प्रभ करायला विषाणूत एखादाच बदल पुरतो. म्हणजे पंधरा दिवस गोळी चुकली तर नुकसान पंधरा दिवसांपुरते राहीलच असे नाही. तीच गोळी नंतर पुन्हा सुरू केली तरी ती लागू पडेल याची खात्री उरत नाही. एआरटी केंद्रातले काउन्सेलर एका चुकलेल्या तारखेवरून एवढे का बोलतात, त्याचे कारण हे.

हा धोका राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, वेळीच ओळखला आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. साठा असेल तिथे एकदम तीन महिन्यांची औषधे द्या, अडकलेल्या माणसाला तो असेल तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळू द्या, जमेल तिथे संस्थांमार्फत त्या घराजवळ पोचवा, अशा सूचना निघाल्या. ग्रीन बुक, म्हणजे रुग्णाकडे असणारी हिरवी पुस्तिका, दाखवली की दुसऱ्या जिल्ह्यातही औषध मिळण्याची सोय झाली. एरवी जी बदली करायला पत्र, शिक्का आणि दोन फेऱ्या लागत, ती एका फोनवर होऊ लागली.

जगभराचे चित्रही असेच होते. ग्लोबल फंड ज्या देशांत पैसा पुरवतो तिथे २०२० मध्ये एआरटी घेणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा ८.८ टक्क्यांनी वाढली. त्याच वर्षी एचआयव्हीच्या तपासण्या २२ टक्क्यांनी घटल्या आणि प्रतिबंधाच्या सेवा मिळालेल्यांची संख्या ११ टक्क्यांनी. हे आकडे एकत्र वाचले की महासाथीने नेमके काय केले ते दिसते. ज्याचे नाव नोंदवहीत होते त्याला व्यवस्थेने धरून ठेवले. ज्याचे नाव अजून यायचे होते त्याच्यासाठी दार बंद झाले. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या बाबतीत ही फट फार महागात पडते, कारण तपासणीपर्यंत येण्याचा त्यांचा रस्ता मुळातच अरुंद आहे. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. त्याच वर्षीच्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३.२६ टक्के आणि हिजडा-तृतीयपंथी समाजात ३.७८ टक्के आढळले. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या असलेले राज्य महाराष्ट्र आहे, २०२१ च्या अंदाजानुसार सुमारे ३.९४ लाख. त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारचा आहे.

हा रस्ता चालतो कसा, ते आधी पाहू. नाकोच्या पैशावर स्वयंसेवी संस्था ‘टीआय’ चालवतात. टीआय म्हणजे ठरावीक समूहासाठी लक्ष्यित हस्तक्षेप. त्या समूहातलाच एक जण पिअर म्हणून नेमलेला असतो आणि साधारण साठेक माणसे त्याच्या यादीत असतात. त्यांना कंडोम आणि वंगण पोचवायचे, दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाच्या तपासणीला न्यायचे, दर सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी करून घ्यायची, हे त्याचे काम. तो माणसांना भेटतो ते हॉटस्पॉटवर: स्टेशनाजवळचे स्वच्छतागृह, बाग, चौपाटीचा अंधारा कोपरा, हायवेवरचा ट्रक थांबा. सगळा हिशेब जागेशी बांधलेला असतो. अमुक हॉटस्पॉटवर अमुक इतकी माणसे, आठवड्याला इतक्या भेटी.

टाळेबंदीने नेमकी ही जागाच काढून घेतली. बाग बंद, स्टेशन बंद, ट्रक उभे. माणसे मात्र कुठे गेली नव्हती. भेटीगाठी मोबाइलवरच्या अॅपवर सरकल्या, तिथून कुणाच्या तरी रिकाम्या खोलीवर. पिअरच्या यादीतल्या निम्म्या माणसांना तो टोपणनावाने ओळखत होता आणि पुष्कळांचे नंबर त्याच्याकडे नव्हते, कारण नंबर न मागणे हीच त्यांच्या विश्वासाची अट होती. अहवालाच्या भाषेत अशा माणसाला ‘संपर्कात नाही’ म्हणतात. त्याचा संपर्क तुटला नव्हता, आपण त्याला शोधायची एकच जागा ठरवून ठेवली होती.

अंतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुंबईची लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, सर्वसामान्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून खुली. आता नालासोपाऱ्याला किंवा कल्याणला राहणारा माणूस दक्षिण मुंबईतल्या केंद्रातून गोळ्या का घेत असेल? जवळच्या केंद्राच्या रांगेत शेजारची मावशी भेटू नये म्हणून. लांबचे केंद्र तो मुद्दाम निवडतो. लोकलचा पास हा त्याच्या गुप्ततेचा खर्च असतो. ‘जवळच्या केंद्रातून घ्या’ या सूचनेने त्याची गोळी वाचली, गुप्तता वाचलीच असे नाही. गावी परतलेल्याची अडचण आणखी मोठी. तालुक्याच्या रुग्णालयातला वॉर्डबॉय त्याच्या आळीतला असतो, आणि हिरव्या पुस्तिकेचा रंग त्या आवारात सगळ्यांना ओळखीचा असतो.

नाकाबंदीवरही हेच. बाहेर पडण्याचे कारण पोलिसाला सांगायचे तर पुस्तिका किंवा संस्थेचे पत्र दाखवायचे, आणि पत्राच्या माथ्यावर ‘एड्स नियंत्रण’ असे ठळक छापलेले. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि त्याने माणसाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. पण चौकात उभे राहून स्वतःच स्वतःची स्थिती उघड करायची वेळ व्यवस्थेने आणली, तर त्या कायद्याने कुणाला धरायचे? उपाय अगदी साधा होता: ‘दीर्घकालीन आजारावरील औषधोपचार’ एवढेच लिहिलेले, रुग्णालयाच्या सर्वसाधारण शिक्क्याचे पत्र. मधुमेहाच्या रुग्णालाही तेच, यालाही तेच.

घरपोच गोळी हा शब्द ऐकायला सोपा वाटतो. ती पोचवताना काय काय सांभाळावे लागते ते टीआयच्या माणसांना विचारावे. फोन केला की आधी पलीकडे कोण आहे याची खात्री करायची, कारण टाळेबंदीत एक फोन चार जण वापरत होते. संस्थेचे नाव घ्यायचे नाही, आधी ठरलेला एखादा शब्द वापरायचा. पत्ता घराचा घ्यायचा नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाचा किंवा बसथांब्याचा घ्यायचा. सोसायटीच्या फाटकावर पाकीट ठेवायचे नाही, वॉचमन रजिस्टरमध्ये लिहून घेतो. पिशवी साधी, वर काही छापलेले नको. बाटली हलवली की खुळखुळते, म्हणून पुष्कळ जण गोळ्या काढून दुसऱ्या डबीत किंवा कागदात ठेवतात. पण बाटलीत दमटपणा शोषणारी पुडी असते, ती सोडून कोकणातल्या पावसाळ्यात गोळी कागदात ठेवली तर खराब व्हायचा धोका असतो. त्यापेक्षा बाटलीतच थोडा कापूस भरावा, आवाज थांबतो. चोवीस तास घरात कोंडलेल्या माणसासाठी ती बाटली लपवायची कुठे हा खरोखरीचा वैद्यकीय प्रश्न होता, पण मार्गदर्शक पुस्तिकेत अशा प्रश्नांना जागा नसते.

दुसऱ्या लाटेच्या सुमारास यात एक वेगळीच भानगड शिरली. घरोघरी झिंक, कॅल्शियम आणि मल्टीव्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्याच काळात लोक टीएलईवरून टीएलडीवर, म्हणजे एफाविरेंझऐवजी डोल्युटेग्राविर असलेल्या गोळीवर, जाऊ लागले होते. टीएलडीतले डोल्युटेग्राविर या धातूंना चिकटते आणि पोटातून नीट शोषले जात नाही. टीएलडी अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायला हवी. आम्लपित्तावरच्या पातळ औषधालाही हाच नियम. तीन महिन्यांची औषधे हातात देताना हे एक वाक्य सांगितले नाही, तर नव्वद गोळ्या वेळेवर खाल्ल्या तरी औषध रक्तात कमी पडू शकते.

तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात मात्र गोळीआधी भाताचा प्रश्न होता. मंगती (पैसे मागणे), बधाई (शुभप्रसंगी नाचगाणे) आणि धंदा (देहविक्रय) हे तिन्ही उत्पन्नाचे मार्ग गर्दीवर आणि स्पर्शावर चालतात, तिन्ही एका रात्रीत बंद झाले. एका खोलीत गुरू आणि सात-आठ चेले, त्यात वेगळे राहायचे कुठे? वर हैदराबादेत हिजड्यांना दुकानाजवळ येऊ देऊ नका, त्यांच्यामुळे कोरोना होतो, अशी पत्रके मार्च २०२० मध्ये भिंतींवर लागली. उपाशी पोटी गोळी घेऊ नये असा समज खोलवर रुजलेला आहे. खरे तर एफाविरेंझची गोळी झोपताना रिकाम्या पोटी घेतलेली बरी, तेलकट जेवणावर घेतली तर चक्कर वाढते. पण जेवणच नाही म्हणून गोळी नाही, असे ज्याच्या बाबतीत घडते त्याला औषधशास्त्र सांगून उपयोग नसतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने तृतीयपंथीयांना १५०० रुपयांची मदत दिली. मुंबईत खोलीच्या भाड्यालाही ती पुरत नाही. शिवाय बँक खाते हवे, आधारवरचे नाव जुळायला हवे, आणि ज्याने घर सोडताना नावही सोडले त्याचे ते कसे जुळणार?

इथे एक उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्यांना ओळखपत्राची सक्ती न करता कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला. कुणाला द्यायचा ते नाको आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे यांच्या ओळखीवरून ठरणार होते. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा ५००० रुपये, आणि मुले शाळेत असतील तर आणखी २५०० रुपये जाहीर केले. कागदाशिवाय मदत देता येते, हे त्यातून दिसले. पण दोन गोष्टी निसटल्या. राज्याच्या योजनेची भाषा महिलांची होती, तिच्यात पुरुष देहविक्रेत्याला जागा नव्हती. आणि आरोग्याची यादी शिध्याची यादी झाली की यादीबाहेरचा माणूस दोन्हीकडून उपाशी राहतो. उलट यादीत नाव असणे म्हणजे शिध्याच्या रांगेत ओळखले जाणे. आरोग्याच्या नोंदी दुसऱ्या कामाला वापरायच्या असतील तर प्रत्येकाला आधी विचारून वापराव्यात, नाहीतर पुढच्या वेळी तो नाव सांगणार नाही.

आता सवलतींबद्दल. टाळेबंदी उठली तशी अनेक ठिकाणी महिन्याच्या महिन्याची पद्धत परत आली. २०२२ च्या जुलैत तर औषधांच्या तुटवड्यावरून एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी नाकोच्या दिल्लीतल्या कार्यालयाबाहेर महिनाभराहून अधिक काळ धरणे धरले. तुटवडा असताना तीन महिन्यांचे कुठून देणार, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. हिशेब मांडून पाहा. एका केंद्रावर ३००० माणसे आहेत, महिन्याला ३००० बाटल्या लागतात. सगळ्यांना एकदम तीन महिन्यांचे दिले तर पहिल्या महिन्यात ९००० बाटल्या लागतील, ते जमणार नाही हे खरे. पण तीन गट करा. पहिल्या महिन्यात एका गटाला तीन बाटल्या, उरलेल्या दोघांना एक: ५००० बाटल्या. दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या गटाला तीन, तिसऱ्याला एक, पहिल्याला काही नाही: ४०००. तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा दरमहा ३०००. म्हणजे एकदाच, दोन महिन्यांत मिळून, ३००० बाटल्या जास्तीच्या लागतात. वर्षाचे औषध वाढत नाही, ते केंद्राच्या कपाटातून माणसाच्या कपाटात जाते. आणि केंद्रावरच्या फेऱ्या महिन्याला ३००० वरून १००० वर येतात. काउन्सेलरला नव्या माणसाशी अर्धा तास बोलायला वेळ मिळतो तो इथून.

यात एक खोच मात्र आहे. तीन महिन्यांचे औषध ‘स्थिर’ रुग्णाला द्यायचे, आणि स्थिर ठरवायला व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात किती विषाणू आहे त्याचा, अहवाल लागतो. महासाथीत रेणवीय चाचण्यांची प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि रसायने कोविडकडे वळली. अहवाल नाही म्हणून स्थिर नाही, स्थिर नाही म्हणून दर महिन्याला या, आणि यायला गाडी नाही. अहवाल नसण्याचा दोष रुग्णाच्या खात्यावर टाकू नये. आधीचा अहवाल चांगला असेल आणि गोळ्यांची मोजणी जुळत असेल तर त्याला स्थिरच मानावे.

समोरासमोर भेट हवीच, असे डॉक्टरांतले काही जण आग्रहाने म्हणतात. क्षयाची लक्षणे विचारायची असतात, वजन पाहायचे असते. आग्रह रास्त आहे, पण खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजनातली घट हे चार प्रश्न फोनवर विचारता येतात. उत्तर ‘हो’ आले तर त्याला बोलवावे. शंभर जणांना रांगेत उभे करून त्यांतले चार आजारी शोधायची पद्धत क्षयाच्याच दृष्टीने वाईट आहे, कारण ती रांग बंद खोलीत असते.

पण सगळ्यात मोठी तफावत तपासणीत आहे. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅबच्या कोविड स्वयंचाचणी कीटला मान्यता दिली. किंमत २५० रुपये, नाकातला नमुना स्वतः घ्यायचा, पंधरा मिनिटांत निकाल, अॅपवर नोंद. सामान्य माणूस घरात बसून स्वतःची चाचणी करू शकतो, निकाल समजू शकतो आणि पुढचे पाऊल उचलू शकतो, हे देशाने मान्य केले. एचआयव्हीच्या स्वयंचाचणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच केली होती, तरी महासाथ आली तेव्हा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिला जागा नव्हती. आक्षेप ठरलेले आहेत: पॉझिटिव्ह निघाला तर माणूस खचेल, समुपदेशन कोण करणार? तो प्रश्न खरा आहे. पण बंद केंद्राबाहेर समुपदेशन मिळत होते का?

त्याच महासाथीत दक्षिण कोरियाने वेगळा रस्ता दाखवला. मे २०२० मध्ये सोलच्या इटेवॉन भागातल्या क्लबांतून कोविड पसरला, त्यांतले काही समलिंगी पुरुषांचे होते आणि ओळख उघडी पडण्याच्या भीतीने लोक पुढे येईनात. सोल शहराने नाव न विचारता तपासणी सुरू केली आणि लोक येऊ लागले. साथ आटोक्यात आणायची घाई असली की गुप्तता ही चैन वाटत नाही, हत्यार वाटते. एचआयव्हीच्या बाबतीत ही घाई आपल्याला चाळीस वर्षांत का वाटली नाही?

स्वयंचाचणी आणायची तर ती नीट आणावी लागेल, आणि त्यासाठी काय लागते ते ठाऊक आहे. कीट बोटाच्या रक्ताची किंवा हिरडीवरच्या द्रवाची, निकाल वीसेक मिनिटांत. पत्रक मराठीत, चित्रांसह. त्यावर तीन गोष्टी ठळक: एक, ही पहिली चाळणी आहे, पॉझिटिव्ह आली तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री झाल्याशिवाय निदान होत नाही. दोन, धोक्याच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्ह निकालावर विसंबू नये. तीन, आधीपासून एआरटी घेणाऱ्याने ती करू नये, खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि त्या भरवशावर कुणी गोळी सोडेल. कीट पिअरच्या हातून द्यावी आणि सोबत त्याचा नंबर. काय आले ते सांगण्याची सक्ती नको. माणूस एकटा असताना निकाल पाहणार आहे, म्हणून संध्याकाळी आणि रविवारी फोन उचलणारा कुणीतरी हवा. सरकारी वेळेत चालणारी मदतवाहिनी इथे कामाची नाही.

तो फोन पिअरच उचलतो आणि त्याला मिळते ते मानधन, तेही संस्थेला हप्ता आला की. महासाथीत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचा विमा आणला. कोविड रुग्णांच्या थेट संपर्कात येऊ शकणाऱ्यांसाठी तो होता. बस बंद असताना सायकलवरून एचआयव्हीची गोळी पोचवणारा त्या शब्दांत कुठे बसतो? राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याला १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ साठी १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर झाले. त्यापुढचे आराखडे लिहिताना पिअरच्या कामाचे मोजमाप हॉटस्पॉटवरच्या भेटींनी करणे थांबवावे. त्याने किती जणांना पहिल्यांदा तपासणीपर्यंत आणले ते मोजावे, अॅपवरच्या गप्पांना कामाचे तास धरावे आणि मोबाइलचा डेटा संस्थेच्या खर्चात दाखवायची परवानगी द्यावी. ओळखपत्र द्यावे तर त्यावर ‘आरोग्य कर्मचारी’ एवढेच असावे, म्हणजे नाकाबंदीवर तो स्वतः आणि ज्याच्याकडे तो चालला आहे तो, दोघेही झाकलेले राहतील.